बीपी आणि किडनीची चाळण: ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात किनाऱ्याला लागून असलेल्या एका गावात माझा दवाखाना आहे. हाताला पट्टा गुंडाळायचा, आकडा बघायचा, गोळी लिहायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची, असं मी बरीच वर्षं केलं. बीपीच्या पेशंटची लघवी नेमानं तपासायला मी उशिराच लागलो. त्यानंतर लोक जे विचारू लागले ते इथे लिहिलंय, बरंचसं त्यांच्याच शब्दांत.

बीपी हाताला मोजलंत ना? मग लघवी कशाला मागताय?

हाताचा आकडा सांगतो की नळीत दाब किती आहे. त्या दाबानं आत काय मोडलं, हे तो सांगत नाही. 160 बीपी घेऊन आलेल्या एखाद्या माणसाची किडनी ठणठणीत असते, आणि 144 असलेल्या दुसऱ्याच्या लघवीतून प्रथिनं वाहत असतात. दोघांना एकच गोळी, एकच सल्ला देऊन भागत नाही.

हा संबंध जुना आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात किडन्या खराब दिसल्या, आणि पुढे 1836 मध्ये त्यांनी लिहिलं की पुष्कळांचं हृदयही वाढलेलं असतं. बीपी मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं. म्हणजे पट्टा यायच्या कितीतरी आधी चमचा आला होता.

माझ्याकडे अजून स्पिरिटचा दिवा आहे. परीक्षानळी पाऊण भरायची, तिरकी धरायची आणि फक्त वरचा भाग तापवायचा. खालची लघवी पारदर्शक राहते. वरती ढग आला तर त्यात पातळ ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. ढग विरला तर तो फॉस्फेटचा. तसाच राहिला तर प्रथिन. पेशंटच्या डोळ्यांसमोर हे केलं की पुढची दहा मिनिटांची बडबड वाचते.

ही चाळण असते कुठे? कशाची बनलेली असते?

एका किडनीत सरासरी दहा लाख बारीक गुच्छ असतात. ग्लोमेरुलस म्हणतात त्यांना. प्रत्येक गुच्छ साधारण 0.2 मिलिमीटरचा, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून अडीचशे-तीनशे ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी या गुच्छांतून गाळलं जातं. त्यातलं दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं, बाकीचं पुढच्या नलिका परत ओढून घेतात.

गाळणारा पडदा तीन पदरी असतो. रक्ताच्या बाजूला वाहिनीचं अस्तर, त्याला असंख्य भोकं. मधे आधारपटल, कोलॅजन आणि तसल्याच चिवट प्रथिनांची विणलेली चटई. तिची जाडी केसाच्या साधारण दोनशेव्या हिश्शाएवढी. आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. त्या खेकड्यासारखे पाय पसरून वाहिनीला कवटाळून बसतात, आणि शेजारशेजारच्या पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात, दोन्ही हातांची बोटं आपण एकमेकांत अडकवतो तसे. त्या बोटांमधल्या फटीवरही एक नाजूक पापुद्रा असतो. नेफ्रिन हे त्यातलं मुख्य प्रथिन, ते 1998 मध्ये सापडलं. ज्या बाळांमध्ये ते जन्मतःच सदोष असतं त्यांच्या लघवीतून पहिल्या दिवसापासून प्रथिनं वाहतात. त्यावरूनच या फटीचं महत्त्व कळलं.

रक्तातलं मुख्य प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. एका लिटर द्रवात साधारण 40 ग्रॅम. 180 लिटरचा हिशेब केलात तर सात किलोंच्या वर जातो. तेवढं अल्ब्युमिन रोज चाळणीपाशी येतं आणि लघवीत उतरतं 30 मिलिग्रॅमहून कमी. जे थोडंफार निसटतं तेही पुढची नलिका बरंचसं परत उचलते. चाळण आकार बघते आणि विद्युतभारही बघते. पडद्यावर ऋण भार असतो, अल्ब्युमिनवरही ऋण भार, म्हणून ते मागे ढकललं जातं.

बायकांना मी सोलकढीचं उदाहरण देतो. खोबरं वाटून पंचातून पिळलं की दूध खाली येतं, चोथा वर राहतो. पंचा रोज जोर लावून पिळलात तर काही दिवसांनी त्याची वीण सरते आणि चोथ्याचे कण दुधात दिसू लागतात. उदाहरण तेवढ्यापुरतं बरं आहे. पंचा मात्र निर्जीव असतो. किडनीची चाळण जिवंत आहे, तिची डागडुजी पोडोसाइट करतात, आणि गोची नेमकी तिथेच आहे.

बीपी वाढलं की या पडद्याला होतं काय?

अंगातल्या इतर केशवाहिन्यांत दाब दहा ते तीस-पस्तीसच्या दरम्यान असतो. या गुच्छात मात्र तो मुळातच 50 ते 60 असतो, नाहीतर गाळणंच होणार नाही. म्हणजे ही जागा आधीच ताणलेली आहे.

म्हणून गुच्छाच्या तोंडाशी एक बंदोबस्त असतो. खाडीकाठच्या खारबांधाला उघाडी असते ती आठवा. भरतीचं पाणी आत ढकलू लागलं की तिची झडप आपोआप मिटते आणि भातखाचर वाचतं. गुच्छात रक्त आणणारी बारीक धमनी तशीच वागते. बाहेर बीपी वाढलं की ती आवळते, कमी झालं की सैलावते. त्यामुळे बाहेर बरेच चढउतार झाले तरी आतला दाब फारसा हलत नाही.

वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं की या झडपेची दोन प्रकारे वाट लागते. एक, आवळून आवळून तिची भिंत जाड होते, आत काचेसारखा चकचकीत थर साचतो आणि वाट अरुंद होते. मागच्या गुच्छाला रक्त पुरत नाही. त्याचं आधारपटल सुरकुततं, जाड होतं, गुच्छ आक्रसतो. खाचर सुकलं असं समजा. दुसरं, झडप ढिली पडते आणि बाहेरचा दाब थेट आत शिरतो. गुच्छ फुगतो, पडदा ताणतो. पोडोसाइटचे गुंतलेले पाय चपटे होतात, फटी बिघडतात आणि अल्ब्युमिन गळायला लागतं. ताण टिकला तर पेशी सुटते आणि लघवीतून वाहून जाते. पोडोसाइट सहसा विभागून नवी तयार होत नाही. शेजारची पेशी अंग पसरून जागा झाकू बघते, पण तिलाही मर्यादा आहे. उघडं पडलेलं आधारपटल बाहेरच्या आवरणाला जाऊन चिकटतं, तिथे वण पडतो, आणि वण पसरत पसरत गुच्छ बंद होतो.

एकाच किडनीत हे दोन्ही चालू असतं. काही गुच्छ उपाशी, काही दाबाखाली. जे मेले त्यांचं काम उरलेल्यांवर येतं, त्यांच्यातला दाब आणखी वाढतो, आणि त्यांचीही पाळी येते. बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हे मांडलं. त्यामुळेच शेवटची उतरण घसरगुंडीसारखी असते.

मधुमेह असेल तर तीच झडप आधीपासून सैल असते. बीपी आणि शुगर दोन्ही असलेल्या पेशंटची लघवी तपासायला मी एक दिवसही थांबत नाही, ते यासाठी.

"डॉक्टरांनु, माका कायएक त्रास नाय. मगे गोळी कित्याक खाव?"

त्रास होत नाही म्हणूनच. या चाळणीला दुखणं कळवणारी यंत्रणाच नाही. मुतखडा दुखतो, कारण तो नळीत अडकतो. गुच्छात वण पडताना कोणाला काही कळत नाही. पाय सुजणं, धाप लागणं, तोंडाची चव जाणं ही लक्षणं येतात तेव्हा पुष्कळ गुच्छ गेलेले असतात.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो रापणीवर जाणाऱ्या एका आजोबांनी. त्यांना मी एवढंच विचारलं, "जाळ्याचा आस (एक भोक) तुटला तर कोण आधी सांगता, जाळा की गेलेलो बांगडो?" त्यांनी गोळी घेतली. अर्धी. पुढच्या महिन्यात पूर्ण.

लघवीला फेस येतो. म्हणजे प्रथिनं जातात का?

जात असतील किंवा नसतील. उंचावरून धार पडली, सकाळची दाट लघवी असली, कमोडमध्ये साबणाचा अंश राहिला तरी फेस येतो. पाणी टाकल्यावरही दाट, बारीक फेस राहतो आणि रोज राहतो, असं असेल तर तपासा. उलट सुरुवातीच्या गळतीत फेस अजिबात नसतो. फेस नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे. मग झालं ना?

नाही झालं. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा कचरा. किडनीची निम्म्याच्या आसपास ताकद जाईपर्यंत तो आकडा रिपोर्टवर "नॉर्मल"च्या रकान्यात बसू शकतो. शिवाय तो माणसाच्या वयाप्रमाणे आणि अंगकाठीप्रमाणे वाचावा लागतो.

एक उदाहरण घ्या. क्रिएटिनिन 1.2. तीस वर्षांच्या पुरुषाचा हा आकडा असेल तर 2021 च्या सूत्रानं त्याची गाळण्याची गती, म्हणजे ईजीएफआर, 83 च्या आसपास येते. तोच 1.2 साठ वर्षांच्या बाईचा असेल तर गती येते 52. एक तंदुरुस्त, दुसरी आजाराच्या हद्दीत, आणि कागदावर दोघांचा आकडा सारखाच. 60 च्या खाली तीन महिने राहिलं तर तो दीर्घकालीन किडनीविकार. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या, लॅबला वेगळं रक्त लागत नाही.

आणि चाळण गळायला लागते ती पुष्कळदा ईजीएफआर पडायच्या आधी. क्रिएटिनिन म्हणजे किती पाणी गाळलं त्याचा हिशेब. पडदा फाटलाय का, हे लघवीतलं अल्ब्युमिन सांगतं.

नेमकी कोणती टेस्ट करायची?

लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर. लॅबमध्ये "एसीआर" म्हणा, समजतात. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करत बसायची गरज सहसा पडत नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम.

30 च्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे चाळण गळते आहे, अजून वेळ आहे. 300 च्या वर म्हणजे गळती मोठी आहे, किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. परिमाण मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असल्याची खात्री करा, काही लॅब वेगळं परिमाण छापतात. माझी दिव्यावरची परीक्षा आणि साधी रंग बदलणारी पट्टी, दोन्ही 30 ते 300 मधली बरीच गळती चुकवतात. "निल" वाचून मी स्वतः फसलो आहे.

एकाच रिपोर्टवर घाबरून जायचं नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी, आदल्या दिवशीची भरपूर अंगमेहनत, यांनी आकडा वर जातो. तीन महिन्यांत पुन्हा बघायचं. तीनातले दोन वाढलेले आले तर खरं मानायचं. बीपी किंवा शुगर असलेल्यानं वर्षातून एकदा ही टेस्ट करावी, एवढाच माझा आग्रह आहे. आमच्याकडे लोक दर सहा महिन्यांनी "फुल बॉडी" पॅकेज करतात, त्यात चाळीस-पन्नास टेस्ट असतात आणि ही एक बहुतेक वेळा नसते.

बीपीमुळे किडनी बिघडते की किडनीमुळे बीपी?

दोन्ही. बिघडलेली किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, वर रेनिन नावाचं रसायन सोडून रक्तवाहिन्या आवळायला लावते. हॅरी गोल्डब्लॅट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या किडनीची धमनी चिमट्यानं अर्धवट आवळून बीपी चढवून दाखवलं होतं. आधी कोण, हे पुष्कळ पेशंटमध्ये नंतर ठरवता येत नाही. पण तिशीच्या आत बीपी, एकदम चढलेलं बीपी, किंवा तीन-तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी असेल तर किडनीपासून सुरुवात करून शोधावं लागतं.

जन्माच्या वेळचं वजनही यात येतं. गर्भाच्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत गुच्छ तयार होतात, नंतर एकही नवा नाही. कमी वजनाच्या बाळांना पुष्कळदा भांडवलच कमी मिळतं.

घरच्या मशिनवर किती असावं? आणि मोजायचं कसं?

दवाखान्यातलं 140/90 म्हणजे घरचं 135/85, असं धरतात. लघवीत अल्ब्युमिन असेल तर बहुतेक डॉक्टर 130/80 च्या खाली आणायला बघतात. 2021 च्या आंतरराष्ट्रीय किडनी मार्गदर्शनात वरचा आकडा 120 च्या खाली सुचवलाय, पण तो शिस्तीत मोजलेला असेल आणि पेशंटला सोसत असेल तर. चक्कर येणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजीवर मी तो लादत नाही.

शिस्त म्हणजे पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसणं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिसरी नाही. मूत्राशय रिकामं. आणि मोजताना सुनेशी बोलायचं नाही. दोनदा मोजून सरासरी लिहा. मनगटावरचं मशीन देवाला वाहा.

ॲम्लोडिपिननं बीपी उतरलंय. मग गोळी का बदलताय? आणि ती "किडनीची" गोळी किडनीच खराब करते म्हणतात, ते?

गुच्छाला दोन दारं असतात, आत येणारं आणि बाहेर जाणारं. ॲम्लोडिपिन चांगली गोळी आहे, पण ती मुख्यतः आतलं दार सैल करते. हाताचं बीपी उतरतं, गुच्छातला दाब त्या मानानं उतरत नाही. लघवी स्वच्छ असेल तर चिंता नाही. अल्ब्युमिन जात असेल तर बाहेरचं दार उघडणारी गोळी हवी. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल, एनालाप्रिल. दोन गटांतली एकच, दोन्ही एकत्र नाहीत. बाहेरचं दार उघडलं की गुच्छातला दाब उतरतो, गळती कमी होते. ॲम्लोडिपिन सोबत चालू राहू शकते.

बाहेरचं दार उघडल्यावर गाळण्याचा वेग थोडा मंदावणारच, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित चढतं. इथेच घोटाळा होतो. शेजारी म्हणतो, "बघ, गोळी सुरू केलीस आणि किडनी गेली," आणि पेशंट ती बंद करतो. दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासायचं. क्रिएटिनिनची वाढ 30 टक्क्यांच्या आत असेल आणि पोटॅशियम ठीक असेल तर गोळी चालू ठेवायची. त्याहून जास्त चढलं तर किडनीच्या धमनीत अडथळा आहे का ते बघायचं.

खरी काळजी घ्यायची ती उलट्या-जुलाबांत. अंगातलं पाणी आटलेलं असताना या गोळ्या किडनीला जड जातात. अशा वेळी फोन करा, आम्ही दोन दिवस थांबवायला सांगतो. आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. गर्भाला या गोळ्या घातक आहेत.

जाता जाता, रामिप्रिलच्या घराण्यातली पहिली गोळी कॅप्टोप्रिल. ती ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून सुचली, आपल्या फुरशाचा लांबचा भाऊबंद म्हणा. 1981 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. फुरशाचं नाव काढल्यावर आमच्याकडे ओपीडीत शांतता पसरते, म्हणून ही गोष्ट मी राखून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आल्या. मुळात शुगरच्या गोळ्या, पण शुगर नसलेल्यांच्याही किडनीला उपयोगी ठरल्या. त्या आतलं दार थोडं मिटवतात. त्या घेणाऱ्याच्या लघवीत साखर दिसणारच, लॅबवाल्यानं लाल खूण केली तरी घाबरू नका. आणि खासगी जागेची स्वच्छता पाळा, बुरशी होते.

सरकारी दवाखान्यात बीपीची औषधं मिळतात का?

मिळतात. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून येणाऱ्यांनी मात्र गोळ्या सोबत आणाव्यात. दरवर्षी गौरी जेवून झाल्या की दुसऱ्या दिवशी 190 चे आकडे घेऊन माणसं येतात, गोळ्यांची पिशवी डोंबिवलीला फ्रिजवर राहिलेली असते.

मासे बंद करायचे का?

ताजे मासे खुशाल खा. बंद करायचं ते खारं. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता पावसाळ्यातलं आपलं ताट बघा. पेजेत मीठ, सोबत भाजलेला खारा बांगडा, वर सुकटीची किसमूर, सांडगी मिरची, पापड, खारातल्या कैरीची फोड. सोलकढी मिठाच्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, असेल तर तिच्यातही. चमचा केव्हाच ओलांडला जातो आणि कोणाला काही खारट लागलेलं नसतं.

मीठ जास्त झालं की बीपी चढतं, शिवाय टेल्मिसार्टनचा गळती थांबवण्याचा जोर कमी पडतो. गोळी महाग घ्यायची आणि खाऱ्या बांगड्यानं ती धुवायची, असं होतं. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून मीठ बरंच उतरतं, सगळं उतरत नाही. माझा तोडगा असा की सुकं आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी पापड-लोणचं नाही. मीठ न लावता सुकवलेले बोंबील किंवा सोडे मिळाले तर ते बरे. कोकम आगळाऐवजी सुक्या आमसुलाचं करा. आमसुलालाही मीठ असतं, पण धुऊन घेता येतं.

सैंधव चालेल?

तेही मीठच. आणि "लो सोडियम" मीठ किडनी बिघडलेल्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं.

शहाळं किडनीला चांगलं ना?

किडनी चांगली असेल तर चांगलं. ईजीएफआर बराच खाली आला असेल आणि वर टेल्मिसार्टन चालू असेल तर शहाळ्यातलं पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नातेवाईक प्रेमानं दिवसाला तीन-तीन शहाळी पाजतात, त्यांना कसं सांगायचं हा माझाच वारंवार पडणारा प्रश्न आहे. आणि करमर, म्हणजे कापल्यावर चांदणीसारखी चकती पडते ते आंबट फळ, किडनी अधू असलेल्यानं तोंडात घालू नये. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, अधू किडनी टाकू शकत नाही. न थांबणाऱ्या उचकीपासून फिटपर्यंत काहीही होऊ शकतं.

लावणीत कंबर धरते. मेडिकलमधून गोळी घेतली तर चालेल?

पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, आणि दुकानदार कागदाच्या पुडीत देतो ती तीन रंगांची गोळ्यांची मोट नको. या गोळ्या गुच्छाचं आतलं दार आवळतात. टेल्मिसार्टननं बाहेरचं दार उघडलेलं, लघवीच्या गोळीनं पाणी उतरलेलं, त्यात हे. तिन्ही एकत्र आल्या की दोन-चार दिवसांत किडनी बसू शकते. जुलैत चिखलात दिवसभर वाकून, पुरेसं पाणी न पिता हे घडतं. शेक द्या, तेल लावा, एक दिवस शेत शेजाऱ्यावर सोडा.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं, लघवीत प्रथिनं होती. बाळंतपणानंतर सगळं ठीक झालं. आता काय?

हा प्रकार वेगळा आणि मला सगळ्यात विलक्षण वाटणारा. वीस आठवड्यांनंतरच्या या आजारात पहिला घाव चाळणीच्या आतल्या अस्तरावर बसतो. त्या अस्तराला जिवंत ठेवणारा एक रासायनिक निरोप पोडोसाइट धाडत असतात. आजारी वार, म्हणजे प्लासेंटा, असा पदार्थ रक्तात सोडते की तो निरोप वाटेतच अडतो. अस्तर सुजतं, भोकं बुजतात, प्रथिनं गळतात. वार बाहेर पडली की बहुधा काही आठवड्यांत अस्तर भरून येतं.

पण अशा बाईला पुढे बीपी आणि किडनीच्या त्रासाची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी एसीआर आणि बीपी, मग दरवर्षी. होतं असं की बाळाचे सगळे डोस वेळेवर होतात आणि आईची फाईल माळ्यावर जाते. सासूबाई सोबत आल्या असतील तर हे मी त्यांनाच सांगतो.

मला लेप्टो झाला होता, डायलिसिसही लागलं. चाळण गेली का?

लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, मुख्य मार गुच्छांच्या पुढच्या नलिकांवर असतो. नलिकांच्या पेशी नव्या तयार होतात, म्हणून त्यातून वाचलेले बहुतेक जण सावरतात. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि एसीआर करून खात्री करा.

एकदा खराब झालेली चाळण पुन्हा नीट होते का?

वण पडून बंद झालेला गुच्छ परत येत नाही. पण गळणारा प्रत्येक गुच्छ काही मेलेला नसतो. दाब उतरला की पोडोसाइटचे पाय पुन्हा आकार धरू शकतात. एसीआर 240 वरून दीड वर्षात 50 वर आलेली एक मासेविक्रेती मावशी दर सोमवारी मला बाजारात भेटते. तिनं गोळी चुकवली नाही आणि मिसरी सोडली. खारवलेलं ती आता फक्त विकते. 900 घेऊन आलेल्या एका माणसाचं मात्र सगळं करूनही 600 च्या खाली येत नाही, आणि तरी त्याच्या किडनीची घसरण मंदावलीय. डायलिसिस पाच वर्षं पुढे ढकललं गेलं तर त्या पाच वर्षांना घरात किती किंमत असते, ते आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी धरून जिल्ह्याला जाणाऱ्यांना विचारा.

भरपूर पाणी प्यायलं की किडनी साफ होते?

नाही. तहान लागेल तेवढं प्या. पाय सुजलेल्यांनी विचारून प्या.

लघवीचा नमुना कशात आणू?

लॅबमधून प्लॅस्टिकची डबी न्या, ती साधारणपणे फुकट मिळते. सकाळची पहिली, सुरुवातीची थोडी धार सोडून मधली, अर्धी डबी पुरे. दोन तासांत पोचवा. कफ सिरपची बाटली नको, तळाला साखर राहते. गेल्या जूनमध्ये एकानं आगळाच्या बाटलीतून आणली होती, धुतलेली होती म्हणाला. लघवी गुलाबी दिसली, लॅबच्या मुलानं रक्त जातंय म्हणून मला धावत फोन केला, आणि बूच उघडल्यावर कोकमाचा वास आला.